सोळा आणे खरं, की एक पै कमी?



एखादी गोष्ट अगदी पुरेपूर खरी असली की आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, "सोळा आणे खरं!" सोळा आणे म्हणजे पुरा रुपया. त्यात एक पैसुद्धा कमी नाही. आज आपण अशाच एका पुऱ्या रुपयाची चौकशी करणार आहोत. हा रुपया वेश बदलून येतो आणि भल्याभल्यांना फसवतो. तेव्हा वही-पेन्सिल घेऊन बसा. नुसतं वाचून चालायचं नाही, बरं का!

आधी गणित घ्या. आपल्या वऱ्हाडात कापसाशिवाय गणित कसं व्हायचं? २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. समजा, तीन भावांचं सामाईक शेत आहे. त्यांनी एक क्विंटल कापूस या भावाने विकला. पैसे तिघांत सारखे वाटायचे. प्रत्येकाला किती?

८,११० भागिले ३. करा पाहू. तीन दुणे सहा, तीन साते एकवीस... २,७०३ आले आणि १ उरला. उरलेल्या १ चे १० दशांश करा, त्यात ३ वेळा ३, पुन्हा १ उरला. त्या १ चे पुन्हा १०, पुन्हा ३, पुन्हा १. म्हणजे २,७०३.३३३३... ही तीनांची रांग संपतच नाही. पैसे मात्र दोनच घरांपर्यंत असतात. म्हणून प्रत्येक भावाला २,७०३ रुपये ३३ पैसे.

आता ताळा करा. २,७०३.३३ गुणिले ३ म्हणजे ८,१०९.९९. अरेच्चा! ८,११० रुपये वाटले आणि हाती ८,१०९ रुपये ९९ पैसे?

पाचवीच्या वर्गात हे गणित फळ्यावर मांडलं की एकच गलका होतो. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, एक पैसा गेला कुठी?"

दुसरा म्हणाला, "मोठ्या भावाच्या खिशात गेला असन!"

सगळे हसले. पण एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, आपण दोन घरं लिहून थांबलो म्हणून पैसा गेला. तीनाची रांग तशीच चालू ठेवली तं नाई जाणार."

चांगला मुद्दा होता. रांग चालू ठेवली. २,७०३.३३३... ला तीनाने गुणलं. प्रत्येक ३ चे झाले ९. उत्तर आलं ८,१०९.९९९... आणि ही नवांची रांगही न संपणारी. पुढचे रुपये बाजूला ठेवले तर खरा प्रश्न एवढाच उरतो : ०.९९९... हा पुरा रुपया आहे, की रुपयाला थोडासा कमी?

वर्गात लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणाली, "पुरा रुपया कसा होईन? शून्यापासून सुरू होते थो!" दुसरी पार्टी म्हणाली, "तीन भावांले वाटला तो पुराच रुपया होता नं? मंग जमा केल्यावर कमी काऊन होईन?"

तुम्ही कोणत्या पार्टीत? आत्ताच ठरवून वहीत लिहून ठेवा. मग पुढे वाचा.

आजोबांचा रुपया

भांडण मिटवायला आपण आजोबा-पणजोबांच्या काळातला रुपया आणू. १ एप्रिल १९५७ पर्यंत आपल्या देशात रुपयाचे शंभर पैसे नव्हते. तेव्हा १ रुपयाचे १६ आणे आणि १ आण्याच्या १२ पै. म्हणजे एका रुपयाच्या १६ गुणिले १२, एकूण १९२ पै.

आता हा जुना रुपया तीन भावांत वाटा. १९२ भागिले ३ बरोबर ६४. बाकी शून्य! ६४ पै म्हणजे ५ आणे ४ पै. प्रत्येकाला ५ आणे ४ पै. ताळा करा. पाच त्रिक पंधरा आणे आणि चार त्रिक बारा पै. बारा पै म्हणजे एक आणा. पंधरा आणि एक सोळा. सोळा आणे पुरे!

पाहिलंत? रुपया तोच, भाऊ तेच, वाटणीही तीच. जुन्या रुपयात ती नेमकी झाली, कुणाचा काही हरवला नाही. मग नव्या रुपयात गोंधळ का होतो? कारण आपण त्याच वाट्याला दहा-दहाच्या भाषेत लिहायला बसलो. जुन्या भाषेत त्या वाट्याचं नाव "५ आणे ४ पै". अपूर्णांकाच्या भाषेत "एक तृतीयांश". आणि दशांशाच्या भाषेत त्याचंच नाव "०.३३३...". नाव लांबलचक झालं म्हणून वाटा लहान होत नाही. घरी ज्याला सगळे बाळ्या म्हणतात त्याचंच शाळेच्या हजेरीत भलंमोठं नाव असतं. म्हणून काय मुलगा बदलतो?

मग तीन वेळा "५ आणे ४ पै" म्हणजे पुरा रुपया असेल, तर तीन वेळा "०.३३३..." म्हणजेही पुरा रुपयाच असायला हवा. आणि तीन वेळा ०.३३३... म्हणजे तर ०.९९९... !

"पण मॅडम, थोडंसं कमी असन!"

पहिली पार्टी एवढ्याने गप्प बसत नाही, आणि बसूही नये. गणितात "मॅडम म्हणतात म्हणून" असं काही नसतं. त्यांचं म्हणणं असं, की ०.३३३... हाच मुळी एक तृतीयांशाहून किंचित कमी असेल तर? आणि ०.९९९... हा १ पेक्षा किंचित कमी असेल तर?

ठीक आहे. कमी असेल तर किती कमी, ते सांगा. उधारी आहे म्हणणाऱ्याने आकडा सांगायला नको का?

समजा, तुम्ही म्हणालात, "एक शतांश कमी." म्हणजे एक पैसा. पण ०.९९९ हा एवढासा तुकडा घेतला तरी तो १ पासून एक सहस्रांशच दूर आहे. नवांची पूर्ण रांग तर त्याच्याही पुढे जाते. म्हणजे तुमचा आकडा चुकला.

"बरं, एक लाखावा भाग कमी." सहा नऊ लिहा : ०.९९९९९९. याला १ व्हायला दहा लाखावा भागच कमी पडतो. तुमचा आकडा पुन्हा मोठा ठरला.

"एक कोटीवा भाग!" आठ नऊ लिहा. फरक राहिला दहा कोटीवा भाग. तुम्ही कितीही बारीक फरक सांगा, त्याहून पुढे जाणारे नऊ आमच्याकडे आहेतच. रांग संपत नाही ना! म्हणजे ०.९९९... आणि १ यांच्यातला फरक प्रत्येक बारक्यात बारक्या आकड्यापेक्षाही लहान आहे. आपण ज्या संख्यांनी कापूस तोलतो, कापड मोजतो, पैसे मोजतो त्या संख्यांत असा एकच फरक आहे. तो म्हणजे शून्य. आणि ज्या दोन संख्यांत फरक शून्य, त्या दोन संख्या नसतातच. ती एकच संख्या!

एक हुशार गडी म्हणाला, "मॅडम, फरक ०.०००...१ असा लिहू. खूप शून्य आणि शेवटी एक."

त्याला विचारलं, "शेवटी म्हणजे कुठे? रांग संपत नाही, तर शेवट आणणार कुठून? आणि शेवटच नाही तर तो एक लिहिणार कोणत्या घरात?"

तो विचारात पडला. तुम्हीही पडा. विचारात पडायला पैसे लागत नाहीत.

खरी गफलत होते ती त्या तीन टिंबांमुळे. आपल्याला वाटतं, ०.९९९... म्हणजे कुणीतरी नऊ लिहीतच बसलंय, चालतंच आहे, पोहोचत नाही. पण संख्या कधी चालत नसते. अकोल्याहून अमरावतीला निघालात असं समजा. सोयीसाठी रस्ता १०० किलोमीटर धरू. ९० किलोमीटरवर पहिला मुक्काम, ९९ वर दुसरा, ९९.९ वर तिसरा. हे मुक्काम म्हणजे ०.९, ०.९९, ०.९९९. यातला एकही मुक्काम अमरावती नाही, हे खरं. पण ०.९९९... हे यातल्या कोणत्याही मुक्कामाचं नाव नाहीच! हे सगळे मुक्काम ज्या एका गावाकडे बोट दाखवतात, त्या गावाचं ते नाव आहे. आणि ते गाव म्हणजे अमरावती, म्हणजेच १.

आठवी-नववीतल्या दादा-ताईंसाठी आणखी एक रीत. ०.९९९... ला क्ष म्हणा. दहापट केली तर दशांशचिन्ह एक घर सरकतं, म्हणून १० क्ष = ९.९९९... आता यातून क्ष वजा करा. नवांच्या दोन्ही रांगा सारख्या, त्या एकमेकींना खाऊन टाकतात. उरतं ९ क्ष = ९. म्हणून क्ष = १.

एक सावधगिरी मात्र ठेवा. आवर्ती दशांश, म्हणजे अंक पुन्हा पुन्हा येणारा अपूर्णांक, दिसला की "चला, पूर्ण संख्या झाली!" असं म्हणू नका. ०.३३३... हा एक तृतीयांशच. ०.८८८... हा आठ नवमांश. तो १ नाही. फक्त नवांची न संपणारी रांग असली तरच पुढचं घर पुरं भरतं. ८,१०९.९९९... म्हणजे ८,११०. आणि ०.४९९९... म्हणजे ०.५, म्हणजेच अर्धा रुपया, आपले आठ आणे.

मग एक पैसा गेला कुठे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ०.९९९... हा पुरा रुपया आहे हे ठरलं. मग तीन भावांचा एक पैसा का हरवला?

कारण ०.९९९... वेगळा आणि ०.९९ वेगळा! पहिल्यात टिंबं आहेत, दुसऱ्यात नाहीत. न संपणारी रांग म्हणजे १. पण कुठेही थांबलात, अगदी हजार नऊ लिहून थांबलात, तरी ते १ नाही. आणि पैशाला थांबावंच लागतं. जगात कोणत्याही चलनाला न संपणारी घरं नसतात. आपला रुपया पैशावर थांबतो.

मुलांना वाटतं, आता मोबाइलवरचे पैसे आले, तिथे कुठे नाणी लागतात? तिथे कितीही बारीक तुकडे करता येतील. चला, करून पाहू.

रुपयाचे १० तुकडे केले तर तिघांना ३-३ आणि १ उरतो. १०० केले तर ३३-३३ आणि १ उरतो. १,००० केले तर ३३३ आणि पुन्हा १ उरतो. का? ३ ची कसोटी आठवा. अंकांची बेरीज ३ ने भागली जाते का पाहायचं. १०, १००, १,००० या सगळ्यांच्या अंकांची बेरीज १. म्हणून बाकी नेहमी १!

बिटकॉइनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते आपल्या देशाचं चलन नाही, पण उदाहरण म्हणून घेऊ. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग असतात. एका भागाला म्हणतात सातोशी. तिघांत वाटले तर प्रत्येकी ३,३३,३३,३३३ आणि १ सातोशी शिल्लक. इथर नावाचं दुसरं एक डिजिटल चलन आहे. त्याचे भाग एकावर अठरा शून्यं इतके. तरीही तिघांत वाटले की १ उरतोच. तुकडा चिमुकला झाला, पण वाद तोच.

आपल्या रिझर्व्ह बँकेनेही डिजिटल रुपया काढला आहे. सर्वसामान्य लोकांसाठी त्याचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. नोटा आणि नाणी ज्या किमतीची असतात, त्याच किमतीत हा ई-रुपया निघाला. म्हणजे खिशातल्या पाकिटाऐवजी मोबाइलमधलं पाकीट. आत मात्र तेच सुट्टे आणि तेच बंदे. यूपीआयवरही तुम्ही २,७०३.३३ पाठवू शकता, पण २,७०३.३३३... पाठवू शकत नाही.

जुना रुपयाच बरा होता की काय, असं वाटतं ना? तोही सगळ्यांना पुरत नव्हता. १९२ पै पाच जणांत वाटा. ३८-३८ येतात आणि २ उरतात. नव्या रुपयात मात्र पाच जणांना २०-२० पैसे नेमके मिळतात. ज्याचं त्याचं एकेक दुखणं असतंच. दशांश अपूर्णांक लिहिणं, वाचणं, बेरीज करणं सोपं जातं, हे सायमन स्टेविन नावाच्या गणितज्ञाने १५८५ मध्येच एका छोट्या पुस्तकात पटवून दिलं होतं. नाणी आणि मापंही दहा-दहाची असावीत असं तो म्हणत होता. अमेरिकेने १७९२ मध्ये डॉलरचे शंभर सेंट केले आणि आपण १९५७ मध्ये रुपयाचे शंभर पैसे केले. तेव्हा त्यांना "नवे पैसे" म्हणत. १९६४ मध्ये त्यातला "नवा" गळून पडला.

त्या बदलाच्या वेळी हाच पेच घरोघरी आला. एका आण्याचे नेमके नवे पैसे किती? १०० भागिले १६, म्हणजे सव्वासहा. पण पाव पैसा देणार कुठून? म्हणून कोष्टकात एका आण्याला ६ नवे पैसे धरले. चार आण्याचे नेमके २५ आले, तिथे अडचण नव्हती. पण कुणी सोळा वेळा एकेक सुटा आणा मोडला असता तर हाती ९६ पैसे आले असते. चार पैसे गुल! सोळा आणे एकदम मोडले तर मात्र पुरे १००. पाहा बरं, पै-पैशाचा हिशोब करणाऱ्याला हे किती लागलं असेल!

संगणकाचा आणा

तुम्ही म्हणाल, माणूस थांबतो, पण संगणक तर कितीही मोजू शकतो. नाही बरं! संगणकालाही ठरावीक घरंच असतात. शिवाय त्याची एक गंमत आहे. तो दहा-दहाने मोजत नाही, दोन-दोनाने मोजतो. त्याला फक्त अर्धा, पाव, अर्धा पाव, मग त्याचा अर्धा, असेच तुकडे ठाऊक. एका रुपयाचा अर्धा ५० पैसे, पाव २५ पैसे, अर्धा पाव साडेबारा पैसे आणि त्याचा अर्धा सव्वासहा पैसे. अरे, हा तर आपला जुना आणा!

अशा तुकड्यांनी १० पैसे जमवा पाहू. एक आणा घेतला, ६.२५ झाले. अर्धा आणा मिळवला, ९.३७५ झाले. पुढचे दोन तुकडे मोठे पडतात, ते सोडा. त्यानंतरचे दोन घ्या, ९.९६ च्या जवळ आले. पुन्हा दोन सोडा, दोन घ्या... हे संपतच नाही! आपल्याला एक तृतीयांश लिहिताना जी अडचण येते, तीच संगणकाला एक दशांश लिहिताना येते. म्हणून काही संगणकभाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, तर उत्तर ०.३ येत नाही. तीननंतर पंधरा शून्यं आणि मग एक चार येतो. संगणक खोटं बोलत नाही. रांग मधेच तोडावी लागली, एवढंच.

म्हणून पैशाचे प्रोग्रॅम लिहिणारी जाणती माणसं रुपयांत हिशोब न ठेवता अनेकदा पैशांत ठेवतात. १० पैसे म्हणजे ०.१ रुपया असं न लिहिता सरळ १० असा पूर्णांक लिहितात. पूर्णांक संगणकाला नेमका लिहिता येतो.

एवढ्याशा तुकड्याने काय बिघडतं?

कुणी म्हणेल, अर्ध्या पैशासाठी एवढा आटापिटा कशाला? ऐका तर.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात शेअर बाजार होता. जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी बाजाराचा एक निर्देशांक सुरू केला आणि त्याची सुरुवात १,००० पासून केली. दिवसातून हजारो वेळा संगणक तो नव्याने मोजायचा. दर वेळी तीन दशांश घरं ठेवायचा आणि पुढचे अंक सरळ कापून टाकायचा. जवळचा अंक धरायचा नाही, नुसतं कापायचं. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ च्या आसपास घसरला. बाजार तर बरा चालला होता! शोध घेतला तेव्हा कारण सापडलं. नीट मोजल्यावर खरा आकडा निघाला १,०९८ हून थोडा जास्त. म्हणजे हजारावा भागही न भरणारे कपटे दर वेळी कापून कापून निम्म्याहून अधिक निर्देशांक गायब झाला होता!

आता आपल्याकडचं पाहा. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. तिथे रक्कम पुऱ्या पैशांतच असते, म्हणून असं कापणं होत नाही. पण नुसती कल्पना करा, की प्रत्येक व्यवहारात कुणी अर्धा पैसा आपल्या बाजूला कापला. २,००० कोटी अर्धे पैसे म्हणजे १,००० कोटी पैसे, म्हणजे १० कोटी रुपये. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच. फक्त तळं कुणाच्या शेतात साचतं, ते पाहायला हवं!

म्हणून हिशोबाचे तीन नियम लक्षात ठेवा. पहिला : तुकडा उरणारच असेल तर तो कुणाला मिळणार हे वाटणीआधी ठरवा, वाटणीनंतर नाही. दुसरा : सगळे वाटे मिळून मूळ रक्कम आलीच पाहिजे. तिसरा : दर वेळी एकाच बाजूला कापू नका.

आपल्या तीन भावांचा हिशोब या नियमांनी असा : दोघांना २,७०३.३३ आणि एकाला २,७०३.३४. बेरीज पुरी ८,११०. पुढच्या क्विंटलला जास्तीचा पैसा दुसऱ्या भावाला, त्याच्या पुढच्याला तिसऱ्याला. तीन क्विंटलनंतर तिघंही सारखे. आळीपाळीने पैसा फिरला आणि भांडण मिटलं. मागच्या बाकावरचा गडी हे ऐकून म्हणाला, "म्हंजे पैसा हरवला नव्हता, त्याची पाळी ठरली नव्हती!" याहून चांगलं उत्तर मलाही देता आलं नसतं.

करून पाहा

१. साध्या कॅलक्युलेटरवर १ भागिले ३ करा. आलेला आकडा पुसून टाका आणि ०.३३३३३३३ असा स्वतः टाइप करून ३ ने गुणा. मग बहुतेक मोबाइलमध्ये असतं त्या कॅलक्युलेटरवर १ भागिले ३ गुणिले ३ एका दमात करा. दोन उत्तरं वेगळी आली, तर कारण लिहा.

२. ०.६६६... रुपया म्हणजे जुन्या हिशोबाने किती आणे आणि किती पै?

३. १०० रुपये सात मित्रांत पुऱ्या पैशांत वाटा. किती जणांना एक पैसा जास्त द्यावा लागेल?

४. तुम्हाला नवा रुपया काढायचा अधिकार मिळाला आहे. २, ३, ४, ५ आणि ६ जणांत तो सारखा वाटता यायला हवा. कमीत कमी किती पैसे कराल?

उत्तरं पुढच्या अंकात. पण आधी स्वतः सोडवा. ताईच्या वहीतून उतरवू नका!

आई-बाबांसाठी दोन शब्द

किराण्याच्या किंवा औषधाच्या बिलात शेवटी "राऊंड ऑफ" अशी एक ओळ असते. या आठवड्यात ती मुलांना दाखवा. कधी अधिक असते, कधी उणे. महिनाभराची बिलं जमवून त्या ओळींची बेरीज मुलांकडून करून घ्या. शून्याच्या आसपास आली तर हिशोब दोन्ही बाजूंना सारखा झुकतो आहे. सतत एकाच बाजूला गेली तर मुलं तुम्हाला प्रश्न विचारतील, आणि तो विचारू द्या. "एवढ्याशा पैशाने काय होतं" असं म्हणून त्यांना गप्प करू नका. आजी-आजोबा घरात असतील तर पै, आणा, चवली, पावली, अधेली यांचा हिशोब त्यांच्याकडून ऐकवा. तिघांत रुपया कसा वाटायचा हे पुस्तकाआधी तेच सांगतील, अगदी सोळा आणे बिनचूक!